नाल्यापल्याडची हाक

जनकाबाईंनी शेवटची भाकरी तव्यावरून उतरवली, तेवढ्यात अंगणात बूट वाजले. दारात एक शिपाई उभा होता. गडी काटक, खांद्याला पिशवी, टोपी हातात.

"माय, मी कडूबा. धामणगाव बढ्याचा. शालिग्राम हवालदारानं मले कवायत शिकवली."

"बसा," जनकाबाई म्हणाल्या आणि चुलीवर दूध ठेवलं.

शालिग्राम त्यांचा एकुलता एक. लढाईत गेला, भादव्यात तार आली. तेव्हापासून लोक येत, बसत, रडून जात. जनकाबाईंना काही रडू आलं नव्हतं. गाव म्हणालं, बाई दगड झाली. ते त्यांच्या कानावर आलं, तेव्हा त्या गहू निवडत होत्या. निवडत राहिल्या.

कडूबा बसला नाही. "सुट्टीवर आलो. म्हनलं, आधी तुमाले भेटावं. आमच्या ट्रेनिंग सेंटरवर शिकवनारे उस्ताद लय होते, पन हवालदाराचा आवाज मैदानाच्या पार त्या टोकाले जाये. मी विचारलं एकदा, उस्ताद, हे कोनत्या साहेबानं शिकवलं? त हासले. म्हने, साहेबानं नाही बे. माह्या मायनं."

जनकाबाई परात खरवडत होत्या, तो हात तिथंच राहिला.

शेत नाल्यापल्याड. पोरगा लहानपणापासून बापाबरोबर तिकडंच असायचा. भाकरी झाली की त्या अंगणाच्या कडेला उभ्या राहून हाक मारीत, "शालिग्राऽऽऽम…" मग दम धरून, "ये!" सासू कपाळाला हात लावी, बाईमाणसाचा आवाज असा गावभर फिरावा का म्हणून. पण बापलेक दोघं हातातलं काम टाकून येत.

तार आल्यापासून ती हाक बंद होती. नवऱ्याला जेवायला बोलवायचं तर त्या नाला ओलांडून चालत जात, बांधावर उभ्या राहून "चला" म्हणत आणि माघारी फिरत.

"तसंच शिकवलं आमाले," कडूबा सांगत होता. "पहिला शबुद लांबवा, म्हने, त्यानं मानसाचा कान उठते. मंग थांबा. मंग तोडा. थांबता नाही आलं त पलटन हालत नाही."

"म्हनून दाखवा," जनकाबाई म्हणाल्या. पाणी मागावं तसं.

कडूबानं टोपी डोक्यावर चढवली, टाचा जुळवल्या, छाती भरून घेतली.

"परेऽऽऽड…"

तो थांबला. थांबण्याची ती जागा जनकाबाईंना ओळखू आली.

"सावधान!"

आवाज घरांवरून गेला, नाल्यावरून गेला. शेजारच्या केसरबाई हातातल्या सुपासकट कुंपणाशी आल्या. चुलीवर दूध उतू गेलं. जनकाबाई त्याकडं बघत राहिल्या. आता रडू येईल, असं त्यांना वाटलं. आलं नाही. दूध जळल्याचा वास तेवढा आला.

"आमी समदे आता असंच वरडतो, माय," कडूबा म्हणाला. "हवालदाराच्या हाताखालून गेलेले पोरं कुठं कुठं हायेत. पार काश्मिरातबी."

"त्याहिले माईत हाय का, हे कोनाचं हाय?"

"नाही, माय. कसं माईत राह्यीन?"

"बरं," त्या म्हणाल्या आणि दुधाचं पातेलं खाली घेतलं.

तोच नाल्याच्या वाटेनं जनकाबाईंचे मालक उकंडराव आले. पळत. साठी गाठलेला माणूस, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, एका पायात वहाण, दुसरा पाय अनवाणी. अंगणाच्या तोंडाशी ते थांबले. धाप आवरत नव्हती. पाहुण्याकडं त्यांनी पाहिलंच नाही. त्याच्या बाजूनं, पलीकडं, घरात आतपर्यंत त्यांची नजर फिरत राहिली.

"कोनं हाक मारली?"

कडूबानं तोंड उघडलं. पण जनकाबाई उंबरा ओलांडून त्याच्या पुढं येऊन उभ्या राहिल्या.

"म्या," त्या म्हणाल्या. "भाकर निवून राह्यली."

उकंडरावांनी बायकोकडं पाहिलं. मग तिच्यामागच्या बुटांकडं पाहिलं. "हाव," ते हळूच म्हणाले. रांजणापाशी दगडावर बसले, तांब्या भरून घेतला, आणि तो भरला तांब्या हातात धरून बसूनच राहिले.

जनकाबाईंनी त्यांच्या हातातून तो काढून घेतला आणि त्यांच्या पायांवर, त्या एका वहाणेसकट, पाणी घातलं.