आधी ब्रेक

सिद्धीची गाडी कठड्याला खेटून उभी होती आणि बाकीच्या गाड्या चिखल उडवत मैदानाला फेऱ्या मारत होत्या. वर प्रेक्षकांच्या फळ्यांवर बसलेल्या दीनानाथांना वाटलं, बंद पडली. पण इंजिन तर गुरगुरत होतं. मध्येच ती चार हात पुढे सरकायची आणि पुन्हा थांबायची. शर्यतीत उतरून कुणाची तरी वाट बघत उभं राहायचं, हा काय प्रकार आहे ते त्यांना काही केल्या उमजेना.

तसं लेकीनं सकाळी हॉर्नबी उपनगरातल्या तिच्या घरी पोह्यांच्या ताटलीत सगळं मांडून दाखवलं होतं. चार शेंगदाणे म्हणजे आपल्या गाड्या, चार मटार त्यांच्या. ज्यांची एक गाडी पहिली येईल तो सगळा संघ जिंकला. तिचं काम पहिलं यायचं नव्हतंच. पुढे सुटलेला मटार अडवायचा, म्हणजे ठोकायचा. चुकून ना, असं दीनानाथांनी विचारलं. मुद्दाम, ती म्हणाली. तेव्हा विषय तरी संपेल म्हणून त्यांनी शेंगदाणे आणि मटार दोन्ही खाऊन टाकले.

दीनानाथांची हयात साताऱ्याच्या डेपोत एसटी चालवण्यात गेली होती. बैलगाड्या, वराती, म्हशी, घाटातलं धुकं, सगळ्यांतून त्यांनी गाडी नेली, पण कुणाला साधा ओरखडा काढला नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला आजही भिंतीवर होता. सिद्धीला गाडी शिकवली तीही त्यांनीच. पुढे माणूस असो की म्हैस, आधी ब्रेक, मग हॉर्न. आणि तीच पोरगी इंजिनिअर होऊन, परमुलखात येऊन, रविवारी हौसेनं लोकांच्या गाड्या ठोकत होती. तिचं हे खूळ काढल्याशिवाय परत येऊ नका, असं त्यांच्या पत्नी आशालताबाईंनी साताऱ्याहून फोनवर बजावलं होतं. सिद्धीनंही आपणहून शब्द दिला होता, "आजची रेस बघा, बाबा. मग सोड म्हणालात तर सोडते." तेव्हापासून 'सोड' हा एवढासा शब्द ते सुपारीसारखा दाढेखाली धरून बसले होते.

पलीकडच्या वळणावरून एक निळी गाडी आली. सगळ्यांच्या पुढे होती, बिनघोर होती. सिद्धीची गाडी अचानक हलली आणि सरळ तिच्या अंगावर सुटली. दीनानाथांचा उजवा पाय समोरच्या फळीवर जीव खाऊन दाबला गेला. ब्रेक, अगं ब्रेक, ते पुटपुटले. निळी गाडी कठड्यावर आदळून आडवी झाली. सिद्धीच्या गाडीचं पुढचं चाक निखळलं.

ती धडपडत बाहेर आली, दोन्ही पायांवर उभी राहिली, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला. पण लोक? लोक उभे राहून टाळ्या पिटत होते. तिच्या संघाची कुठलीशी गाडी पहिली आली, पण त्या गाडीकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. जिची गाडी मोडली, जिनं दुसऱ्याची मोडली, तिचाच जयजयकार. दीनानाथांच्या डोक्यात नुसता गोंधळ माजला. त्या गोंधळात त्यांना एकच गोष्ट पक्की ठाऊक होती. गाडीचा कुणाला धक्का लागला, तर चालकानं आधी खाली उतरावं, हात जोडावेत, पंचनामा नंतर.

ते उतरले आणि विचारत विचारत थेट निळ्या गाडीपाशी पोचले. तिचा चालक, केल्विन नावाचा पांढऱ्या दाढीचा धिप्पाड गडी फुटलेल्या ओठावर फडकं दाबून बसला होता. दीनानाथांनी हात जोडले. "सॉरी," ते म्हणाले. "माय डॉटर."

केल्विन आधी गडबडला, मग हसत सुटला आणि त्यानं बसायला खुर्ची ओढून दिली. तो सावकाश, हातवारे करत बोलला म्हणून दीनानाथांना समजलं. सॉरी कसलं, मेट, तो म्हणत होता. अख्खा सीझन ही पोरगी अशीच अंगावर येते आणि ऐन वेळी ब्रेक मारते. सगळ्यांना ठाऊक झालंय. आजही मारेल, याच भरवशावर तर मी तिच्यासमोरून गेलो. आज मारला असता तर तिचे लोक तिला संघातून काढणार होते. आज मात्र पठ्ठीनं मारला नाही. स्वीट ॲज, एकदम झकास.

तेवढ्यात सिद्धी आली. चेहऱ्यावर चिखल होता, हेल्मेट काखेत. बाबांना तिथे बघून ती दचकली आणि निकाल ऐकायला उभं राहावं तशी मान खाली घालून उभी राहिली.

"आजच ब्रेक का नाही मारलास?" त्यांनी विचारलं.

सिद्धीनं हेल्मेटचा पट्टा चाळवला. तिचे डोळे भरून आले होते.

"दर वेळी ठोकायच्या आधी तुम्ही डोळ्यांपुढे यायचात, बाबा, आणि पाय आपोआप ब्रेकवर जायचा. आज आलाच नाहीत. आज तुम्ही तिथे वर बसला होतात ना."

दीनानाथांनी वर फळ्यांकडे पाहिलं. त्यांचा उजवा पाय अजून दुखत होता. दाढेखालचा शब्द त्यांनी गिळला आणि खिशातला रुमाल काढून लेकीच्या हातात दिला.

"तोंड पूस," ते म्हणाले. "पुढच्या रेसलाही मी तिथेच बसतो."