बेटाचा पहिला फेरा

या, अशा जवळ सरका. पखवाजाला कणीक लागतेय, बुवांना कीर्तनाला उभं राहायला अजून अवकाश आहे. तेवढ्यात एका बाईच्या चालण्याची गोष्ट ऐका. लहानशीच आहे, पण ऐकताना पाय शिवशिवतील.

सोलापूरच्या दक्षिणेला, भीमेच्या काठावर, मायाक्का धनगरीण पदर खोचून उभी होती. समोर पात्रात बेट. पूर ओसरून नुकतंच वर आलेलं, हिरवंगार. मागं उपाशी मेंढरं. काठावरचा चारा संपला होता आणि आयांचं दूध आटल्यानं कोकरं मान टाकत होती.

पण बेटावर आधी माणसानं जायचं, मग मेंढरांनी. पूर दर साली बेट नव्यानं घडवतो. कुठं वाळू, कुठं गाळ, हे चालल्याशिवाय कळत नाही. म्हणून एकानं पहिला फेरा घ्यायचा, भंडारा उधळायचा आणि खुणेच्या जागांना नावं द्यायची. त्या नावांवर वर्षभर मेंढरं राखायची. दर साली फेरा घेणारा ज्ञानबा, मायाक्काचा नवरा, यंदा पाय सुजवून घोंगडीवर बसला होता.

"मी जाते," मायाक्का म्हणाली.

"बाईनं फेरा घेतल्यालं कुनी ऐकलंय का?"

"मग आज ऐका की."

ज्ञानबाचा धाकटा भाऊ बिरदेव हसला. तो चार महिने गिरणीत काढून आलेला. "जाऊ दे की दादा. मी गेलो तर मेंढरं कोन आवरंल? आन् वैनी कीर्तनात बसून सारखी वनवासाला जातीया. आज खरीच जाईल."

मायाक्का काठी टेकत, कमरेइतक्या पाण्यातून पलीकडे गेली. मागून सून राजाबाई, डोक्यावर भंडाऱ्याची पिशवी धरून.

बेटावर पहिलंच पाऊल टाकलं आणि गाळानं गुडघ्यापर्यंत ओढलं. "आत्याबाई!" राजाबाईनं हात दिला. दोघी खिदळत वर आल्या. अरण्यं मायाक्कानं पुष्कळ पाहिली होती, पण सगळी कानांनी. हे डोळ्यांपुढं होतं. पाण्यावर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत होते. वाळूत कासव चालून गेल्याची नक्षी. चकव्यांची जोडी ओरडत उडाली. लव्हाळा बाजूला सारला तर पुढं हरळीच हरळी, कोवळी, वाऱ्यानं लवणारी.

"पांडुरंगा! एवढं समदं हितं पडल्यालं, आन् आमी पल्याड भाकरी थापत बसलो?"

आणि चांगला चारा दिसल्यावर धनगराचं माणूस जे करतं, तेच तिनं केलं. जीभ टाळूला लागली आणि हाक निघून गेली. "ट्र्र्रर्र, हाऽ!"

पलीकडे म्होरक्या मेंढ्याचे कान उभे राहिले. बिरदेव आडवा येईपर्यंत त्यानं पाण्यात उडी घेतली. त्याच्यामागं सगळा कळप.

"वैनीऽ! गिरनीचा भोंगा वाजवलासा की! समदी पाळी आत निगाली!"

मायाक्काला हसू आलं नाही. ती रुतली होती त्याच गाळाकडे मेंढरं सरळ येत होती. दिलेली हाक परत घेता येत नाही. दुसरी द्यावी लागते, दुसऱ्या जागेवरून. आणि तशी जागा बेटावर कुठं आहे हे अजून कुणी पाहिलंच नव्हतं.

ती पळाली. धार जिकडं ओढते त्या अंगानं, काठाकाठानं. काठी खुपसली, आत गेली. पुढं. पुन्हा आत गेली. लव्हाळ्यानं पोटऱ्या कापल्या, पदर बाभळीला अडकून टर्रकन फाटला. काळीज ढोलासारखं वाजत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात भीतीइतकाच आनंद होता.

"आत्याबाई, निम्म्या पान्यात आली!"

"येऊ देत!"

बेटाच्या टोकाला काठी आपटली ती टणकन. कातळ!

तिथं उभी राहून तिनं पोटातून हाक दिली. म्होरक्यानं पाण्यातच मान वळवली. मग एकेक डोकं वळत गेलं, तालात. मेंढरं कातळावर चढली, अंग झाडलं, मायाक्का भिजून चिंब. मागं राहिलेलं एक कोकरू वाहत चाललं होतं, ते राजाबाईनं पाण्यात शिरून कानाला धरून ओढलं.

"आली का गं समदी?" पलीकडून ज्ञानबा ओरडला. सुजल्या पायावर उभा होता.

"आली! चराय बी लागली!"

दुपारी तो बिरदेवाच्या पाठीवर बसून बेटावर आला. कातळावर काठी आपटून पाहिली.

"मेंढरांना झ्याक उतार घावला. नाव काय ठिवलंस? बिरोबाची पायरी म्हन."

मायाक्कानं भंडाऱ्याची मूठ भरली. "गोजाबाईचा उतार."

"आईचा?" ज्ञानबा बघतच राहिला. "म्हातारी जलमभर त्या काठावर ऱ्हायली. हितं कवा आली ती?"

"मला इचारायची, पल्याड काय आसंल गं? तुमी न्हेली व्हती का कवा?"

ज्ञानबानं हात पुढं केला. तिनं भंडारा त्याच्या हातावर ठेवला आणि तो त्यानंच उधळला.

पुढच्या साली पूर आला. कातळ गाळाखाली गेला, त्याच्यासंगं ते नावही. तर बायाबापड्यांनो, कधी भीमेच्या काठानं गेलात आणि पाण्यात हिरवं बेट दिसलं, तर गोजाबाईची एवढी आठवण करा. जमलं तर पलीकडे जाऊन करा.