चोवीस व्होल्ट

विज्ञानाच्या नजरेतून काहीच सुटत नाही. वीज मोजणाऱ्या मल्टिमीटरच्या नजरेतून मात्र बरंच सुटतं. क्षणभराचा झटका तो धड पकडेपर्यंत विरलेला असतो आणि आकडा अर्धामुर्धाच येतो.

चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकूंना तसाच अर्धामुर्धा आकडा हवा होता. रोज दुपारी पावणेचारला लिफ्ट आपोआप त्यांच्या मजल्यावर येऊन थांबायची.

"वायरचा दोष निघाला तर राहीन. नाहीतर उद्याच लेकाकडे जाते."

"वायरच असणार, काकू," लिफ्टवाला मेकॅनिक म्हणाला. "तुमच्याकडे रोज कोण येतंय?"

"आगाऊपणा पुरे. काम कर."

त्याने लिफ्ट बोलवायचं भिंतीतलं बटण काढून काकूंच्या हातात दिलं आणि उरलेल्या तारेला मीटर जोडला.

"दोन-तीन व्होल्ट दिसले, तर वायरचा झटका. पूर्ण चोवीस यायला बटणावर बोट दाबून धरावं लागतं."

पावणेचार वाजले. खाली लिफ्ट घरघरली.

मीटरवर चोवीस आले. आकडा हलेना.

लिफ्ट वर येऊन थांबली. दार उघडलं. आत कोणी नव्हतं. मग चोवीसचं शून्य झालं.

"वायरच ना रे?" काकूंनी विचारलं.

"वायरच," मेकॅनिक म्हणाला आणि चार मजले जिन्याने उतरला.