दोन शर्यतींमधले पंधरा दिवस

"घोडे पाळतो आपण की काचेची भांडी?" अध्यक्षांनी विचारलं आणि समिती हसली. अध्यक्षांच्या विनोदाला हसायचा समितीचा सराव दांडगा होता. विनोद कळला नाही, तर ती जरा जास्तच हसायची.

उभी होती ती अध्यक्षांची थोरली लेक. त्यांच्याच तबेल्याची ट्रेनर. घरात ती त्यांना बाबा म्हणायची, इथे अध्यक्षसाहेब म्हणत होती आणि तेवढ्यानेच त्यांचं निम्मं लक्ष उडालं होतं. तिचं म्हणणं साधं होतं. पूर्वीचे घोडे जाड हाडांचे, सावकाश वाढलेले. आता सगळे नुसत्या वेगासाठी पैदास करतात, पायांच्या नळ्या काडीसारख्या झाल्यात. मोसमातल्या तीन मोठ्या शर्यतींपैकी दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये पूर्वापार पंधरा दिवस असतात, ते सहा आठवडे करा.

जन्मात खुर्चीपेक्षा उंच कशावर न बसलेल्या खजिनदारांनी परंपरा हा क्लबचा कणा असल्याचं सांगितलं आणि स्वतःच्या पाठीमागची उशी नीट केली. आणखी एका सभासदांना, पूर्वी घोडे काय तक्रार करत होते का, असा प्रश्न पडला. त्यांच्या मते तो मुद्दा बिनतोड होता.

अध्यक्षांचा हिशेब मात्र वेगळा होता. त्यांच्या घोडीने यंदाच्या पहिल्या दोन्ही शर्यती मारल्या होत्या. तिन्ही मारणारा एकच घोडा आजवर झाला, तो त्यांच्या वडिलांचा. तो आता पितळेचा होऊन फाटकाशी उभा होता आणि शेजारची जागा रिकामी होती. सवलतीच्या दिवसांत जिंकलं तर लोक नाक मुरडणार. पितळ कसं बावनकशी हवं.

मतं झाली. लेकीच्या बाजूने लेकीचाच हात वर गेला.

सभासद कोट घ्यायला उठले, तसे अध्यक्ष तिला घेऊन व्हरांड्यात आले. जिंकलेला माणूस जितका प्रेमळ असतो तितके ते त्या क्षणी प्रेमळ होते.

"रागावलीस होय?"

"नाही बाबा. नियम तो नियम."

त्यांना बरं वाटलं. मग ती सांगू लागली. घोडीच्या पुढच्या उजव्या पायाची नळी सकाळपासून गरम लागतेय. पंधरा दिवसांत तो पाय भरून येणार नाही. तशीच पळवली तर वळणावर मोडेल, आणि मग मैदानातच तिच्याभोवती पडदा धरतील. पडद्यामागे काय करतात ते दोघांनाही ठाऊक होतं.

"त्या दिवशी तिचा लगाम मी हातात घेणार नाही," ती म्हणाली.

दुसरा कोणीतरी घेईल, असं ते बोलून गेले आणि बोलता बोलताच अडखळले. पहिल्या शर्यतीला ज्या हाताने घोडा मैदानात आणला, त्याच हाताने तो तिसरीला आणायचा, नाहीतर घोडा बाद. एकमेकांचे ट्रेनर पळवू नयेत म्हणून ही रीत त्यांच्या आजोबांनीच घातली होती. गेल्याच वर्षी एक ट्रेनर तापाने अंथरुणात पडला होता, तरी अध्यक्षांनी त्याचा घोडा फाटकातून परत धाडला होता. त्यावरही समिती हसली होती.

पुढच्या वर्षाचा प्रश्नच नव्हता. या शर्यती फक्त तीन वर्षांच्या घोड्यांच्या.

त्यांनी आवाज चढवून पाहिला, मग उतरवून पाहिला. लेक भिंतीसारखी उभी होती.

"आणि सहा आठवडे असते तर?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तर पाय बघितला असता. बरा झाला असता, तर आणली असती मीच."

अध्यक्षांनी क्षणभर डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे घोडी आली नाही, फाटकाशेजारची ती रिकामी जागा आली. ते वळले आणि लगबगीने आत गेले.

"बसा, बसा जरा," ते समितीला म्हणाले. "परंपरा म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. त्या मुक्या जनावराचा विचार आपण नाही करायचा तर कोणी करायचा?"

कोटाच्या बाहीत अर्धे गेलेले सगळे हात, बाहीसकट वर झाले.