उरलेला हार

"हा हार कुणी घातला?" मी हॉलच्या शिपायाला विचारलं.

"मीच, मॅडम. उद्घाटनाचा एक उरला होता. दारासमोरच आजोबांचा एवढा मोठा फोटो, मोकळा बरा दिसेना."

फोटो आमच्या गल्लीतल्या धोंडीतात्यांचा होता. जन्मभर जत्रांमधून संबळ वाजवलेले तात्या चांगले ठणठणीत होते आणि थोड्या वेळात स्वतः प्रदर्शन बघायला येणार होते.

सकाळपासून मी नुसत्या येरझाऱ्या घालत होते. लोक यायचे, एसीत घाम पुसायचे, माझ्या फोटोंकडे पाठ करून सेल्फी काढायचे आणि निघून जायचे. आता मात्र या एका फोटोपुढं माणसं चपला काढून, हात जोडून उभी होती. एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "काय बोलका चेहरा," त्या पुटपुटल्या.

हार काढायला मी हात उचलला आणि तसाच खाली घेतला. हार निघाला की माणसंही निघणार, हे मला कळत होतं. पुन्हा एक येरझार घालून परत आले, तर तात्या समोर. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. ते हाराकडे बघत होते. मी घाईघाईनं हाराला हात घातला.

"राहू दे की, पोरी," चपला काढून गर्दीमागं उभे राहत ते हळूच म्हणाले. "खरंच गेल्यावर एवढी माणसं जमतील का, कुणास ठाऊक."