कापलेली पायरी

वडील गेल्यावर सार्थकनं त्यांच्या पिकअपला मोठा टर्बो बसवला, सायलेन्सर बदलला आणि वजन घटवायला मागची लोखंडी पायरी कापून भंगारात टाकली. आज कापडे गावच्या नाक्यावर तो बॉनेट उघडून दोस्तांना टर्बो दाखवत होता, तेवढ्यात महाडच्या बाजाराला निघालेली शकूकाकी आली. नेहमीप्रमाणे तिनं पावट्याची पाटी हौद्यात ठेवली, कठडा धरून पाय उचलला, तो हवेतच राहिला. “पायरी कुठं गेली रे? तुझ्या बापानं आम्हा म्हाताऱ्यांसाठी लावलेली.” “काकी, गाडी आता जोरात पळते,” तो पुटपुटला. “पळू दे रे. मला चढायचं हाय.” दोस्त हसले. सार्थकची मान खाली गेली. बॉनेट लावून तो मागं आला, एक गुडघा मातीत टेकून दुसरा पुढं केला. “पाय ठेव, काकी.” लोखंडी पायरीवर नेहमी चपलांसकट चढणाऱ्या काकीनं आधी वाकून चपला काढल्या.