दिशा बोट्स्वानाला गेली

नाक्यावरचा बॅनर. दिशाचा हसरा फोटो, त्याहून मोठा शेजारच्या निलेशचा, हात जोडलेला.

लोकरीचा स्वेटर. भर जुलैत वाकोल्यात शोधून शोधून आणलेला.

माळ्यावरची ट्रंक. गुणाजीचा धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला गेला. परत आली ती एवढीच.

कॉलेजच्या सुबोध सरांचा मिस्ड कॉल. परत लावायची गुणाजीची हिंमत झाली नाही.

आणि हे: "बाबा, पोचले!"

या शेवटच्याचा गुणाजीला काही केल्या मेळ लागेना. फोनच्या पडद्यावर त्याची एकुलती एक पोरगी हसत होती.

"पोचलीस? कुठे?"

"असं काय करता? बोट्स्वानाला!"

दिशाच्या कॉलेजने तिथली एक शाळा जोडून घेतली होती. कॉलेजची पोरं दोन आठवडे तिथे राहून मुलांना शिकवणार होती.

"तुला आत सोडलं? कुणी काही विचारलं नाही?"

सुलक्षणाने नवऱ्याच्या हातातून फोन ओढला. "कायतरीच तुमचं. पोर विमानाने गेलीय, एसटीने नाही."

फोन झाल्यावर गुणाजी माळ्यावर चढला. ट्रंक उघडली, आत बघितलं, बंद केली.

"भावाची आठवण येते त्यांना," सुलक्षणा निलेशला म्हणाली. "ही जाणार ठरल्यापासून जेवण नाही धड."

दुसऱ्या फोनला दिशा घामाघूम होती.

"स्वेटर कुठाय गं?"

"कशाला? नुसतं उकडतंय."

"सर तर म्हणाले होते, तिकडे आता थंडी."

"आफ्रिका ती काका, थंडी कसली?" निलेश मध्येच म्हणाला. "दिशा, झकास ना? निघताना काय बोललो होतो मी? बॅनर लागलाय, आता मागे फिरायचं नाही!"

दिशा हसली नाही. तिच्या मागच्या खिडकीत एक उंच चिमणी होती, टोकावर ज्वाळा.

"ते काय जळतंय?"

"खाण आहे बाबा. हिऱ्यांची." फोन कट झाला.

अशी ज्वाळा गुणाजीने माहुलला पाहिली होती, तेलाच्या कारखान्यावर. दिशाला विमानतळावर सोडायला गेलेली तिची मैत्रीण तेजल तिथलीच. पण चिमण्या काय जगात एकाच ठिकाणी असतात? आवाज दिशाचा, चेहरा दिशाचा. मग चुकतंय ते काय? तो पुन्हा माळ्यावर चढला. पुन्हा ट्रंक. डोकं आणखीच गरगरलं.

दोन आठवड्यांनी दिशा आली. निलेशने नाक्यावरच ताशा लावला. सुलक्षणाने भाकरतुकडा ओवाळून टाकला. गुणाजीने बॅग आत घेतली. वरच स्वेटर होता, घडी न मोडलेला, दुकानाचं लेबल तसंच.

"शाळा कशी होती?" त्याने विचारलं.

"छान."

"पोरं?"

"गोड होती."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला काही विचारायचंय का, बाबा?"

"नाही गं. तुला काही सांगायचंय?"

"नाही."

बाहेर ताशा वाजत होता. गुणाजीने तिच्या ताटात बांगड्याची मोठी तुकडी वाढली.

ती निघाली त्या दिवशी, ती अंघोळीला गेलेली असताना, गुणाजीने तिच्या पर्समधला पासपोर्ट काढून माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवला होता.